मातारिकी आणि कचारगड

कुठल्याही प्रोजेक्टमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे सुट्ट्यांचं टेबल सांभाळणं. म्हणूनच ते टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. २०२२ साली तो नवा माणूस मी होतो. क्लायंट न्यूझीलंडचा, सॉफ्टवेअर हजेरी आणि रजेचं. दरवर्षी तारखा भरायच्या, टेस्ट करायचं, विसरून जायचं.

त्या वर्षी यादीत एक नवी रांग आली. नाव मातारिकी, तारीख २४ जून. मी भरली. मग पुढच्या वर्षाची तारीख बघितली तर १४ जुलै! त्याच्या पुढच्या वर्षी २८ जून. फॉर्म्युला लिहायचा म्हणून तासभर डोकं खाजवलं आणि शेवटी सिनियरला विचारलं. तो म्हणाला, "चंद्रावर चालतं ते. सरकारने २०५२ पर्यंतच्या तारखा कायद्यातच छापून टाकल्यात. सरळ हार्डकोड कर."

चंद्रावर चालतं म्हटल्यावर मला आपलं पंचांग आठवलं, आणि त्या विकांताला मी जालावर मातारिकीच्या मागे लागलो.

मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. तोच आकाशातला पुंजका, ज्याच्यावरून आपल्या कार्तिक महिन्याला नाव मिळालं. मे महिन्याच्या सुमारास कृत्तिका सूर्याच्या उजेडात हरवतात आणि काही आठवड्यांनी पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतात. न्यूझीलंडमध्ये तेव्हा कडाक्याचा हिवाळा असतो. पिकं निघालेली, कोठारं भरलेली आणि रात्री लांबलचक. माओरी लोकांचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. पिपिरी नावाच्या चांद्रमासात, पौर्णिमेनंतर चंद्र उतरत अर्ध्यावर येतो तेव्हाच्या रात्री यासाठी महत्त्वाच्या मानतात. सरकारी सुट्टी त्या रात्रींच्या सगळ्यात जवळच्या शुक्रवारी. म्हणून २०२५ मध्ये ती २० जूनला आली आणि २०२६ ची १० जुलै. आपला अधिक महिना ज्यांना कळतो त्यांना या उड्या बघून दचकायचं कारण नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, मग कुठेतरी जोड द्यावाच लागतो.

पहाटे लोक उघड्यावर जमतात. एकेका ताऱ्याकडे बघून येणारं वर्ष कसं जाईल याचा अंदाज घेतात. एक तारा जमिनीतून येणाऱ्या अन्नाचा, एक गोड्या पाण्याचा, एक समुद्राचा, एक पावसाचा, एक वाऱ्याचा. एक तारा मात्र गेलेल्या माणसांचा. त्याच्याकडे बघून त्या वर्षात वारलेल्यांची नावं मोठ्याने घेतात, रडतात. मग अन्न शिजवून त्याची वाफ ताऱ्यांना अर्पण करतात. त्यानंतर जेवण, गाणी वगैरे. म्हणजे आधी सर्वपित्री आणि लगेच पाडवा, असं काहीसं. मला फार आवडलं. दोन-तीन महिने मी भेटेल त्याला मातारिकी सांगत सुटलो होतो.

असो. आता दुसरी गोष्ट, जी मला खरं तर आधी माहीत असायला हवी होती.

मी आमगावचा. जिल्हा गोंदिया (मी दोन वर्षांचा असेपर्यंत जिल्हा भंडारा, गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ ला). मुंबई-हावडा लाइनवर गोंदियाच्या पुढे आमगाव, मग सालेकसा, मग दरेकसा आणि तिथून बोगद्यातून गाडी छत्तीसगडात शिरते. लहानपणी दर माघात, पौर्णिमेच्या आसपास, आमच्या स्टेशनवरून जाणाऱ्या गाड्या खचाखच भरलेल्या असायच्या. पिवळे फेटे, पिवळे दुपट्टे, झेंडे, ढोल. दारात लटकलेली माणसं "जय सेवा!" म्हणून ओरडायची आणि आम्ही पोरं हात हलवायचो. आईला विचारलं तर म्हणायची, "कचारगडची जत्रा आहे, गोंडायची." संपलं. पुढचा प्रश्न मी कधी विचारला नाही. आमच्या घरापासून इतक्या जवळ. मी पुण्यात येऊन न्यूझीलंडच्या नऊ ताऱ्यांची नावं पाठ केली, पण कचारगडला कधी गेलो नव्हतो.

ही गोष्ट माझ्या तोंडावर कुणी सांगितली, तर हापिसातल्या एका मित्राने. तो देवरी तालुक्यातला, गोंड. २०२५ मध्ये माघ पौर्णिमा १२ फेब्रुवारीला, बुधवारी होती. तो तीन दिवसांची रजा टाकत होता. रजेच्या फॉर्ममध्ये कारणांची यादी असते. आजारपण, लग्न, सण, वैयक्तिक. त्याने "वैयक्तिक" निवडलं. मी मागे उभा होतो. म्हटलं, "सण कर ना."

तो म्हणाला, "सण निवडला की कुठला सण ते यादीतून निवडावं लागते. यादीत आमचा नाही. अबे, त्या न्यूझीलंडवाल्यांच्या चंद्राले तुझ्या टेबलात रांग आहे. आमच्या पुनवेले कुठे आहे?"

उत्तर नव्हतं. मी त्याच्याबरोबर निघालो. महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदिया, तिथून पुढे दरेकसा.

दरेकशाहून धनेगाव आणि धनेगावच्या वर जंगलात कचारगडच्या गुहा. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड जिथे एकमेकांना भिडतात तिथली ही डोंगररांग. माघ पौर्णिमेच्या आगेमागे चार-पाच दिवस इथे माणसांचा पूर असतो. तेलंगणातले गोंड येतात, बस्तरचे येतात, मंडला-बालाघाटचे येतात, ओडिशातलेही. कुणी हिंदी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी आमच्यासारखी झाडीकडची मराठी आणि मध्येच सगळ्यांची गोंडी. सात रंगांचा झेंडा चढतो, पालखी निघते, पायथ्याला काली कंकालीचं ठाणं, मग वर चढण. पुस्तकांचे स्टॉल तर इतके की मला पुण्याच्या पुस्तक प्रदर्शनाची आठवण झाली. गोंडी शिका, गोंडी लिपी, गोंडवानाचा इतिहास, कॅलेंडरं. जत्रेत भांडी-बांगड्यांइतकी पुस्तकं विकली जाताना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

चढताना मित्राने गोष्ट सांगितली. कली कंकालीची तेहतीस मुलं. फार द्वाड. त्यांच्या खोड्यांना कंटाळून शंभूने त्यांना या गुहेत कोंडलं आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली. आई आक्रोश करत राहिली. जंगो रायताडने मुलांची काळजी वाहिली. पहांदी पारी कुपार लिंगो मुलांना सोडवायला निघाला, पण शिळा एकट्याने हलणारी नव्हती. तेव्हा हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने आपल्या वाद्याचे सूर गुहेपर्यंत पोचवले. ते ऐकून आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून रेटा दिला आणि शिळा निसटली. मुलं सुटली, पण हिरासुका त्याच शिळेखाली गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने शिकवलं, त्यांना सगांमध्ये वाटलं आणि कोया पुनेम म्हणजे गोंडांचा धर्ममार्ग घालून दिला. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव असे गट आणि एकाच गटात सोयरीक करायची नाही हा नियम इथूनच आला, असं मानतात. म्हणजे गोंडांसाठी हे जन्मस्थान. आणि इथेही आनंदाच्या आधी गेलेल्याची आठवण आहे, हे मला मातारिकीमुळे पटकन जाणवलं.

गुहेत शिरलो. आत अंधार, शेकडो लोक, मोबाईलचे टॉर्च. एक म्हातारी भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होती.

खाली उतरताना माझ्यातल्या इंजिनिअरने प्रश्न विचारलाच. "ही जत्रा किती जुनी?"

मित्र हसला. "जत्रा? माझ्या बाबापेक्षा लहान."

आणि इथून इतिहास सुरू होतो मंडळी.

आज दिसते त्या स्वरूपातली कचारगडची यात्रा १९८० च्या दशकात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्यांतलं मोठं नाव मोतीरावण कंगाली (१९४९ ते २०१५). नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक तालुक्यात जन्म, नोकरी नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत आणि उरलेला सगळा वेळ गोंडी भाषा आणि कोया पुनेम. त्यांनी यावर ढीगभर पुस्तकं लिहिली. ते आणि त्यांचे मोजके सोबती माघ पौर्णिमेला इथे येऊ लागले. मूठभर माणसांचे शेकडो झाले आणि शेकड्यांचे लाखो.

पण त्यांना हीच गुहा कशी कळली? एक धागा जुन्या कागदांतून येतो. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी नागपुरात राहायचा (हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं). त्याने एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या पिढीजात गायकाकडून, लिंगोचं लांबलचक गीत उतरवून घेतलं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडून मेला. त्याचे कागद मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याने संपादून १८६६ मध्ये छापले. त्या गीतात कोंडलेले गोंड आहेत, लिंगो आहे आणि 'काचीकोपा लोहागड' नावाची जागा आहे. पुढे १९४८ मध्ये हायमेनडॉर्फचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक आलं. त्यातही या कथा आहेत. कंगालींच्या पिढीने हे वाचलं, गावोगावच्या परधानांच्या तोंडी काय उरलंय ते ऐकलं, सालेकशाच्या डोंगरातल्या गुहेशी ताडून बघितलं आणि म्हटलं, हीच ती.

तपशील मात्र तंतोतंत जुळत नाहीत. हिस्लॉपच्या गीतात गोंडांना महादेव कोंडतो, आणि ती कोंडण्याची गुहा धवलगिरीवर आहे. काचीकोपा लोहागड ही त्यातून निसटलेल्या चौघांची आसऱ्याची जागा. तेहतीस मुलांची कथा वेगळ्या वाटेने येते. मी मित्राला म्हटलं, "म्हणजे हे नव्याने जुळवलेलं आहे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पंचवीस डिसेंबर बायबलात कुठे लिहिलं आहे? आन तुमचा सार्वजनिक गणपती कधीचा?"

बरोबर होतं त्याचं. ख्रिसमसची तारीख बायबलमध्ये नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाला टिळकांनी रूप दिलं ते १८९३ पासून. रायगडावरची शिवाजी महाराजांची समाधी जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शोधून काढली आणि रायगडावर टिळकांचा उत्सव झाला तो १८९६ ला. म्हणून गणपती खोटा ठरतो का? शिवाजी महाराज खोटे ठरतात का? आपल्या बाबतीत आपण याला 'परंपरेचं पुनरुज्जीवन' म्हणतो. गोंडांनी तेच केलं की आपण पटकन 'जुळवलेलं' म्हणतो. मी म्हटलंच होतं की, पाचच मिनिटांपूर्वी.

आता पुन्हा न्यूझीलंडला जाऊ, कारण तिथेही अगदी हेच घडलंय.

मातारिकी 'अनादी काळापासून अखंड' चालत आलेली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती जवळजवळ बंद पडली होती. एकोणीसशे नव्वदच्या दशकात ठिकठिकाणी पुन्हा सुरू झाली. २००० साली हेस्टिंग्ज गावात ते रांगी हुआता यांनी उत्सव केला तेव्हा ५०० माणसं आली होती, २००३ मध्ये १५,०००. त्यातही कागदांची गोष्ट आहेच. रांगी मातामुआ नावाचे माओरी खगोल अभ्यासक आहेत. १९९५ मध्ये त्यांच्या आजोबांनी कपाटातून काढून ४०० पानांचं एक हस्तलिखित त्यांच्या हातात ठेवलं. घरातल्याच पूर्वजांनी १८९८ ते १९३३ या काळात लिहिलेलं, त्यात हजारभर ताऱ्यांची नावं. त्याच्या आधारावर त्यांनी सांगितलं की मातारिकीत सात नव्हे तर नऊ तारे मोजायचे. 'सात बहिणी' ही ग्रीकांची सावली. शिवाय देशभर एकच रीत नव्हतीच. पश्चिम किनाऱ्याकडचे काही लोक कृत्तिकांऐवजी पुआंगा म्हणजे राजन्य तारा बघून वर्ष सुरू करतात. तरीही एप्रिल २०२२ मध्ये संसदेने कायदा केला आणि २४ जूनला पहिली सुट्टी झाली.

म्हणजे दोन्हीकडे काळ जवळपास तोच, माल तोच. अर्धवट विसरलेली रीत, गोऱ्यांनी किंवा घरच्यांनी उतरवून ठेवलेले कागद, आणि त्यावर रात्री जागणारी नोकरदार, शिकलेली माणसं. चंद्रही तोच. मग एकीकडे राष्ट्रीय सुट्टी आणि दुसरीकडे "वैयक्तिक कारण", असं का?

मला वाटतं, मातारिकीचा कायदा २०२२ चा असला तरी त्याची सुरुवात पन्नास वर्षं आधीची आहे. १९७२ मध्ये शाळांत माओरी शिकवा म्हणून तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेला गेला. १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. आधी भाषा शाळेत आली, मग टीव्हीवर, मग कॅलेंडरमध्ये. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळजवळ तीस लाख आहेत, पण घटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. ही तीस लाख माणसं अनेक राज्यांत वाटलेली आहेत, आणि सुट्ट्यांची यादी करतं प्रत्येक राज्य. प्रत्येक ठिकाणी ते थोडेच.

आणि यादी करतात कशाखाली? १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टखाली! म्हणजे हुंड्या आणि चेक यांचा इंग्रजांच्या काळातला कायदा. कलम २५. बँक बंद असेल तर हुंडी कधी वटवायची, एवढ्या प्रश्नासाठी सार्वजनिक सुट्टीची व्याख्या केली. दिवाळी, ईद, बुद्ध पौर्णिमा सगळ्या त्या दारातून आत येतात. महाराष्ट्राच्या यादीत बुद्ध पौर्णिमा आहे, गुरु नानक जयंतीची पौर्णिमा आहे, माघ पौर्णिमा नाही. हे वाचताना मला कंगालींची आठवण झाली. ज्या कायद्याने बँका बंद ठेवायचे दिवस ठरतात, त्या बँकांच्या बँकेत नोकरी करणारा माणूस आपला सण करायला रजा टाकून गुहेत जात होता.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सुट्टी मिळाली म्हणजे सगळं भलंच होतं असं नाही. न्यूझीलंडमध्ये मातारिकीचे सेल लागले, फटाके सुरू झाले. २०२३ मध्ये मातामुआंनी नगरपालिकांना पत्र लिहून विनवलं की ही तारे बघायची रात्र आहे, निदान आभाळ तरी धुराने भरू नका. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग आमाले कशाले पायजे सुट्टी?" आणि दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाला, "पायजे. पोराच्या शाळेत गैरहजेरी लागते ना."

हे त्याचं खरं दुखणं. सुट्टीच्या यादीत नाव असणं म्हणजे चैनीचा एक दिवस नव्हे. त्या दिवशी तुमचा पोरगा शाळेत नाही म्हणून कुणी जाब विचारत नाही, एवढंच ते असतं.

आपण ज्या विकांतावर जगतो तोही कुणीतरी मागूनच घेतलाय. नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांचे सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली आणि साप्ताहिक सुट्टी मागितली. रविवार खंडोबाचा वार आहे, हेही त्यांचं एक कारण होतं. गिरणीमालकांनी ते मानलं १० जून १८९० ला. सहा वर्षं लागली.

परत आल्यावर आम्ही दोघांनी मिळून एचआरला मेल टाकली. ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीत 'माघ पौर्णिमा (कचारगड)' अशी एक रांग घाला. तारखा मी पुढच्या दहा वर्षांच्या पंचांगातून काढून जोडल्या, म्हणजे "फॉर्म्युला नाही" ही सबब नको. उत्तर आलं, "पुढच्या वर्षी विचार करू." आम्ही पुन्हा टाकणार आहोत.

२०२६ ची माघ पौर्णिमा १ फेब्रुवारीची, रविवारची. त्या एका वर्षी रजा टाकायची गरज नाही. लोखंड्यांची कृपा.